फवारणीत मजूर पडला की दोष मजुराचाच का?

वावरकर (धागाकर्ता)

परवा आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या ओसरीत फवारणीच्या सुरक्षेची सभा झाली. भिंतीवर बॅनर लावलं होतं. त्यावर पांढरा सूट, चष्मा, मास्क, हातमोजे आणि गमबूट घातलेला माणूस. समोर चाळीसेक लोक बसले होते. त्यांतल्या एकाच्याही घरी त्या चित्रातली एक वस्तू नव्हती. कंपनीचा एक माणूस आला होता, त्याने टोप्या वाटल्या आणि सांगितलं, "औषध सुरक्षितच आहे, वापर चुकीचा होतो म्हणून विषबाधा होते."

मागच्या रांगेत माझे काका बसले होते. ते काही बोलले नाहीत.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये काका दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणीला गेले होते. आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेली होती, दोन तासांतून (ओळींतून) चालताना पानं तोंडावर घासायची. पाठीवर बॅटरीचा पंप, हवा बंद, पावसाची उघडीप आणि मरणाचा उकाडा. तोंडाला दुपट्टा. दुपारनंतर त्यांना मळमळ सुरू झाली, संध्याकाळी ताटातली भाकरी धूसर दिसायला लागली. आधी तालुक्याला, मग रात्रीतून यवतमाळला नेलं. अकरा दिवस दवाखान्यात होते. महिनाभराने नजर परत आली, पण बारीक अक्षर अजून वाचता येत नाही.

जो येई तो काकांना पहिला प्रश्न एकच विचारी: "तोंडाला काय बांधलं होतं?" दवाखान्यात विचारला, पंचनाम्यात विचारला, पेपरवाल्यांनीही विचारला. बाटलीत काय होतं हे चौथ्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, आणि तोवर बाटली नाल्यात गेली होती.

त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर केले. नंतर पाच औषधांची विक्री ६० दिवस बंद ठेवली: प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल अधिक इमिडाक्लोप्रिड, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. बंदीचा आदेश निघाला तेव्हा नोव्हेंबर लागला होता. फवारणीचा हंगाम संपत आला होता.

मला या धाग्यात एवढंच विचारायचं आहे. पंचेचाळीस अंश तापलेल्या उन्हाळ्यातून आलेला, दिवसभर उकाड्यात वावरात उभा असलेला मजूर तो बॅनरवरचा सूट घालू शकत नाही, हे कंपनीला आणि परवाना देणाऱ्यांना माहीत असतं. मग ज्या औषधाची सुरक्षितता त्या सूटवर टिकलेली आहे, ते औषध आमच्या गावात विकायला परवानगी मिळते कशी?

जुना_वऱ्हाडी

भाऊ, म्या तीस-चाळीस वर्सं फवारा मारला. सूट घालून पायला एकडाव. कृषीवाल्यायनं देल्ला होता. अर्ध्या तासात आंगाले आंग चिकटलं, घाम डोयात गेला, चष्म्यावर वाफ धरली. मले तास दिसेना. वाफ पुसाले हात वर केला तं मोजाले लागलेलं औषध चष्म्याले लागलं. काढून ठेवला धुऱ्यावर. तो सूट आता कोठ्यात टांगला हाये.

घरधनी, म्हंजे वावरवाला, पंपावर पैसे देते. जितके पंप, तितका रोज. मग मानूस थांबते कायले? मले सांगा, रोज असा ठरवलेला असल्यावर पाच मिनिटं सावलीत बसाचं कोन?

कृषी_केंद्र_आर्णी_रोड

मी दुकानदार आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

आमच्याकडे संध्याकाळी सहाला गर्दी होते. शेतकरी पान तोडून आणतो नाहीतर मोबाईलमध्ये फोटो दाखवतो. "भाऊ, असं काही द्या की उद्या सकाळी साफ दिसलं पाहिजे." माव्याचं एक, बोंडअळीचं एक, वरून टॉनिक आणि बुरशीनाशक. चारही एका टाकीत जातात. त्या चारांचं मिश्रण कोणी तपासलेलं नसतं, हे मला माहीत आहे. मी नाही दिलं तर शेजारचा देतो, आणि माझी मागची उधारीही बुडते.

कंपनीकडून टार्गेट येतं. माल उचलला की सहल मिळते. सेफ्टी किटचा एक खोका हंगामाच्या सुरुवातीला येतो, वाटप करतानाचे फोटो मागवले जातात आणि मग वर्षभर कोणी विचारत नाही. एक लिटर बाटलीमागे एक जोडी चांगले हातमोजे पॅकिंगमध्येच द्या, असं मी स्वतः कंपनीच्या माणसाला दोनदा म्हणालो आहे. "किंमत वाढेल" एवढंच उत्तर मिळालं.

वावरकर

भाऊ, शिव्या कशाला? तुम्ही जे लिहिलंत तेच सभेत कोणी बोललं नाही.

गेटच्या_आत

मी मूळचा कळंबचा. कीटकनाशकांच्या कारखान्यात सेफ्टी विभागात १७ वर्षं काढली, कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन्ही बाजू पाहिलेला माणूस म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्याकडे ऑर्गनोफॉस्फेट (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ज्यात येतात तो गट) बंद रिॲक्टरमध्ये तयार होतं. रसायन भरण्याच्या जागी हवा खेचून घेणारी यंत्रणा असते. काम सुरू करण्याआधी परमिट लागतं, एकट्याने आत जायचं नाही. दर थोड्या महिन्यांनी कामगाराच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज (मज्जातंतूंना लागणारं एन्झाइम, हे विष तेच बंद पाडतं) तपासतात. ते ठरावीक पातळीखाली गेलं की त्या माणसाला त्या विभागातून हलवतात. दर थोड्या अंतरावर शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ. हे सगळं आपोआप आलेलं नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट सुटलं, ते कीटकनाशकच बनवण्यासाठी साठवलेलं होतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. कोणतं रसायन वापरता आणि त्याने काय होऊ शकतं हे कामगाराला, आसपासच्या लोकांना आणि प्रशासनाला सांगणं मालकावर बंधनकारक झालं. कामगाराच्या तब्येतीची नोंद ठेवणं बंधनकारक झालं. १९८९ मध्ये धोकादायक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले.

मग ते रसायन बाटलीत भरून ट्रकमध्ये चढतं, आणि गेटबाहेर पडलं की यातलं जवळपास काहीच त्याच्यासोबत जात नाही. मला सतरा वर्षं हेच खटकत आलं. माझ्या कामगाराच्या अंगावर दोन थेंब सांडले तर रिपोर्ट लिहायला लागायचा, वरपर्यंत बैठक व्हायची. तेच औषध माझा मावसभाऊ बादलीत काडीने ढवळतो.

वावरकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आंतरराष्ट्रीय पातळीवर लिहून ठेवलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशक व्यवस्थापनाची आचारसंहिता आहे, सध्याचं रूप २०१४ चं. तिच्या कलम ३.६ चा आशय असा: ज्या कीटकनाशकासाठी लागणारी संरक्षक साधनं अंगावर बाळगायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी आहेत, ते टाळावं, विशेषतः उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत. मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने ही संहिता मानण्याचं जाहीर केलेलं आहे. ते कलम वाचलं की मला आमचा कळंबचा आठवडी बाजार डोळ्यांसमोर येतो.

मध्यम_मार्ग

सगळ्यांशी सहमत होता येत नाही. माझी अठरा एकर पऱ्हाटी आहे, राळेगावकडे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने काय केलं ते विसरलात का? औषध नसतं तर बोंडं सडून गेली असती. गेली नाहीत असंही नाही. बंदी घाला म्हणणं सोपं आहे. मग स्वस्त पर्याय कोण देणार? दशपर्णी अर्काने (झाडपाल्याच्या काढ्याने) अठरा एकर राखून दाखवा.

आणि आपल्याही चुका आहेत. तणनाशक सहन करणारं, पण परवानगी नसलेलं बियाणं आपणच लपूनछपून लावतो. बिल नको, दहा रुपये कमी करा, हे आपणच म्हणतो. वाऱ्याच्या तोंडाने फवारतो. प्रत्येक गोष्ट कंपनीवर ढकलली तर उद्या हंगामात कोणी काही बदलणार नाही.

वावरकर

दादा, बोंडअळीचं खरं आहे. आमचंही अर्धं पीक त्या वर्षी गेलं. सरसकट बंदी माझ्या मनात नाही.

पण चुका मोजायच्या तर वजन करून मोजू. वाऱ्याच्या तोंडाने फवारणारा मजूर एका दिवसासाठी चुकतो आणि त्याची किंमत स्वतःच्या अंगाने देतो. ज्याने लेबल लिहिलं, त्याच्याकडे प्रयोगशाळा आहे, वकील आहेत, आणि आपलं औषध कुठे कसं मारलं जातं हे पाहायला दर तालुक्यात माणूस आहे. तो माणूस टोप्या वाटायला येतो, तेव्हा त्याला धुऱ्यावरची बादली दिसत नसेल असं मला वाटत नाही.

लेबलचंच सांगतो. सभेनंतर मी काकांना एक माहितीपत्रक दाखवलं. खोक्यात घडी घालून ठेवलेलं, मुंगीएवढं अक्षर, अनेक भाषा एकाच कागदावर. मराठी सापडायलाच पाच मिनिटं गेली. बाटलीवरचा, विष किती तीव्र ते सांगणारा रंगीत चौकोन काकांना ओळखीचा होता, पण लाल, पिवळा, निळा, हिरवा यांतला पिवळा म्हणजे त्यांना "मध्यम, चालतं" असं वाटत होतं. पिवळाही अतिविषारी वर्गातलाच, लालच्या लगेच खालचा. त्यावरही 'विष' हा शब्द असतो. तीस वर्षं फवारणी केलेल्या माणसाला हे कोणी बसवून सांगितलेलं नव्हतं.

सातबारा_आणि_बाकी

वकिली करतो, त्यामुळे कायद्याचं थोडं. लोकांचा समज असा की कायदा नाही. कायदा आहे, १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम.

नियम ३९ ते ४२ वाचा. संरक्षक कपडे, श्वसनाचं साधन, विषावरचा उतारा आणि प्रथमोपचाराची औषधं, कामगारांचं प्रशिक्षण. उत्पादक आणि वितरकांपासून फवारणी करवून घेणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं त्या साखळीत आहेत. म्हणजे जबाबदारी एकट्या मजुरावर कधीच नव्हती. कलम २६ प्रमाणे राज्य सरकार विषबाधेची प्रत्येक घटना कळवायला लावू शकतं. कलम २७ प्रमाणे राज्य विक्री थांबवू शकतं, पण ६० दिवस, तपास अपुरा राहिला तर आणखी जास्तीत जास्त ३०. कायमची बंदी केंद्राच्या हातात. मुंबईतल्या सरकारने कितीही मनावर घेतलं तरी पुढच्या खरिपाला तोच माल दुकानात येतो, तो यामुळे.

शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एखाद्या कंपनीच्या एका जिल्ह्यातल्या एका दिवसाच्या विक्रीशी हा आकडा ताडून पाहा.

आता जी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही ती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालासाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याचं प्रकरण आलं. चांगलं आहे. पण कलम ८७ मध्ये पळवाट आहे. माल मालकाने कामाच्या जागेसाठी विकत घेतला असेल आणि उत्पादकाने त्या मालकाला इशारे व सूचना दिल्या असतील, तर 'पुरेसा इशारा दिला नाही' या मुद्द्यावर उत्पादकाला धरता येत नाही. आपल्याकडे औषध घेतो घरधनी आणि मारतो मजूर. खोक्यातल्या मुंगीएवढ्या अक्षराने घरधन्याला सूचना मिळाली असं कागदोपत्री झालं, की मजुराने कोणाकडे बघायचं?

शेतकरी अपघाताच्या मुंडे योजनेत फवारणीची विषबाधा बसते, मृत्यू झाला तर २ लाख मिळतात. पण तिला सातबारा लागतो. ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर गुंठाही नाही तो मजूर त्यात येत नाही. आणि दुसऱ्याच्या वावरात पंप तोच उचलतो.

शेवंता_७

मी आईच्या वतीने लिहिते आहे, ती सांगते आहे.

फवारणी माणसं करतात म्हणून सगळं बोलणं माणसांचं चालू आहे. पाणी कोण आणतं? विहिरीवरून डोक्यावर पाण्याचा गुंड (हंडा) भरून आणायचा, ड्रममध्ये औषध ओतायचं, पंप भरून द्यायचा, हे आई वीस वर्षं करते आहे. सगळ्यात घट्ट औषध तिच्या हातावर सांडतं. घरी येऊन नवऱ्याचे फवारणीचे कपडे तीच धुते. सभेला तिला बोलावलं नव्हतं. किटमधले हातमोजे तिच्या हातात राहत नाहीत, निसटतात. तिच्या बोटांची नखं पिवळी पडली आहेत.

आई म्हणते, यादीत माझं नाव 'फवारणी करणारा' म्हणून नसेल तर मी आजारी पडले तर कोणत्या रकान्यात लिहितील?

डॉ_ग्रामीण

शेवंताताई, आईंना एकदा जवळच्या दवाखान्यात दाखवा आणि कोणती औषधं हाताळतात ते आवर्जून सांगा.

फवारणीच्या हंगामात ड्युटी केली आहे म्हणून लिहितो. ऑर्गनोफॉस्फेटचा रुग्ण ओळखू येतो: बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, लाळ, घाम, छातीत घरघर. त्याला ॲट्रोपिन हा उतारा देतो, सोबत पॅम नावाचा दुसरा. पण टाकीत चार औषधं असतील तर चित्रच बदलतं. डायफेन्थियुरॉन कोलिनेस्टरेजवर काम करत नाही, त्याला खास उतारा नाही. तिथे ॲट्रोपिन चढवत राहिलं तर रुग्णाचं नुकसान होऊ शकतं. समोर बेशुद्ध माणूस, नातेवाईक म्हणतात "पांढऱ्या झाकणाची बाटली होती", आणि मला अंदाजावर उपचार ठरवायचा असतो. बाजारात आणलेल्या प्रत्येक औषधाची लक्षणं आणि उपचार तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर एकाही कंपनीचा असा कागद आलेला नाही. प्रचाराची कॅलेंडरं मात्र कृषी केंद्रात वेळेवर पोचतात.

सगळ्यांसाठी: त्रास वाटला की पंप खाली, कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा, दूध किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, आणि बाटली सोबत आणा. एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७, डॉक्टरही तिथे विचारू शकतात.

मध्यम_मार्ग यांना एक: जास्त विषारी औषधं काढली की शेती बसते असं दरवेळी होत नाही. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस थांबवलं, पुढे एंडोसल्फान. विषाने जाणारे जीव खूप कमी झाले आणि देशाचं धान्य पिकणं थांबलं नाही. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ पासून बंद होतं, तरी २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेच्या जेवणात ते गेलं आणि २३ मुलं दगावली. मोनोक्रोटोफॉस ३६ एसएल (३६ टक्क्यांचं द्रावण) टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश निघायला २०२३ उजाडलं.

गेटच्या_आत

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. डायफेन्थियुरॉन युरोपात आणि स्वित्झर्लंडमध्ये केव्हाच बंद झालेलं आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमधल्या, बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संपर्क केंद्राकडे डायफेन्थियुरॉन विकणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार गेली, दोन विधवा आणि एका वाचलेल्या शेतकऱ्याने बाझेलमध्ये दावाही लावला. कंपनीने आरोप नाकारले आहेत, त्यावर मी मत देत नाही. पण १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने पाच कीटकनाशकांची निर्यातच थांबवली. त्यांत डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस ही दोन्ही आहेत. आपल्या २०१७ च्या पाचांच्या यादीतली दोन. त्यांच्या सरकारला आपल्या गावासाठी जे पटलं, ते कीटकनाशकांना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या फरिदाबादच्या नोंदणी समितीला पटायला काय अडचण आहे, हे विचारायचा हक्क यवतमाळला सगळ्यात आधी आहे.

आणि नोंदणीतली एक गोष्ट. एका कंपनीने एखाद्या औषधाची पहिली नोंदणी केली की कलम ९(४) खाली बाकीच्यांना त्याच अटींवर नोंदणी मिळते. मग तेच औषध वीस नावांनी येतं. विषबाधा झाली की कोणाची बाटली हे शोधणंच अवघड, आणि प्रत्येक जण म्हणतो आमची नव्हती.

मध्यम_मार्ग

निर्यातीचं मला माहीत नव्हतं. डॉक्टर, श्रीलंकेचं पण नवीन आहे मला.

तरी पर्यायाचा प्रश्न उरतो. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) मी दोन वर्षं लावतो आहे, फरक आहे. पहिल्या दोन फवारण्या वाचल्या. पण ते शिकवायला कोणी दारात येत नाही, बाटली घेऊन चार जण येतात. आणि एक कबूल करतो, माझ्याकडेही रोज पंपावरच ठरतो. यंदा दिवसावर ठरवून बघतो.

जुना_वऱ्हाडी

दादा, हे बेस केलं. दिवसाचा रोज देल्ला अन् उन्हाच्या टायमात पंप बंद ठेवला तं अर्धी बिमारी तितंच कमी होते. सूट कोन घालते मंग पाहू.

वावरकर

काल रात्री हे सगळे प्रतिसाद काकांना वाचून दाखवले. शेवंताच्या आईचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "तुही काकूच भरून देत होती पंप. तिले कोनी इचारलंच नाई." काकूंना त्या वर्षी तीन महिने डोकेदुखी होती. आम्ही सगळे काकांच्या मागे धावत होतो.

ग्रामसभा येत्या आठवड्यात आहे. अर्ज लिहायला घेतला आहे. कृषी अधिकाऱ्यांकडे मागायचं ते असं: तालुक्यात विकल्या जाणाऱ्या लाल आणि पिवळ्या चौकोनाच्या औषधांची यादी, प्रत्येकासमोर त्याचा उतारा आणि तो जवळच्या दवाखान्यात आहे की नाही. नियम ३९ ते ४२ खाली गेल्या तीन वर्षांत कोणत्या उत्पादकाची तपासणी झाली. विषबाधेच्या नोंदीत मजूर आणि पाणी-औषध करणाऱ्या बायका यांचे वेगळे रकाने. सातबारा_आणि_बाकी, भाषा तपासून द्याल का? कलम २६ नेमकं कसं मांडायचं ते मला जमत नाही.

सातबारा_आणि_बाकी

पाठवा. तपासणीचा मुद्दा अर्जात ठेवा आणि माहिती अधिकारातही वेगळा टाका. दोन्हींची पोच घ्या.

कृषी_केंद्र_आर्णी_रोड

यादीचं काम माझ्या दुकानापासून सुरू करा. स्टॉक रजिस्टर दाखवतो. यंदा बिलाशिवाय लाल-पिवळा माल द्यायचा नाही असं ठरवलं आहे. आणखी दोन दुकानदारांशी बोललो, एक तयार आहे.

शेवंता_७

अर्जाचा मसुदा इथे टाका. आमच्या गावात बचत गटाच्या बायकांच्या सह्या मी घेते. पहिली सही आईची.

वावरकर

उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो. तोवर सगळ्यांना एक विनंती: बाटली उघडायच्या आधी लेबलचा, चौकोनाचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.